मदत हवी आहे: बाबा घर संस्थेला देणार म्हणतात, मुलांचा काहीच हक्क नाही का? (इंदूर)

राजवाड्याजवळचा: काल जेवताना बाबांनी सांगून टाकलं, लोकमान्य नगरचं घर वसीयत करून एका संस्थेला देणार. मला नाही, ताईलाही नाही. आईवडिलांना मुलांसाठी काहीतरी ठेवावं लागतं असा कायदा असेलच ना? सोमवारी ते वकिलाकडे जाणार आहेत. लवकर सांगा.

पोहे_शेव: घर घेतलं कोणी? बाबांनी की आजोबांनी?

राजवाड्याजवळचा: घर आमचंच आहे हो. कायदा आहे की नाही तेवढं सांगा.

रामबागकर: वडिलोपार्जित असेल तर तुमचा जन्मतः हक्क. वसीयतीत बाबांना तुमच्या वाट्याला हातसुद्धा लावता येणार नाही. आमच्या काकांशी आम्ही चौदा वर्षं भांडलो, मला विचारा.

दस्तऐवज: रामबागकर, आजोबांचं होतं म्हणून घर वडिलोपार्जित ठरत नाही. आजोबांनी स्वकमाईतून घेतलेलं घर १९५६च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने वडिलांकडे आलं, तर ते वडिलांचं स्वतःचं. चंदर सेन प्रकरणात १९८६ साली सुप्रीम कोर्टाने हेच धरलं. स्वतःच्या मिळकतीची वसीयत कोणाच्याही नावे करता येते. कमावत्या मुलांसाठी वाटा राखायचं बंधन हिंदूंवर नाही.

रामबागकर: आमच्या वकिलांनी उलट सांगितलं होतं.

दस्तऐवज: तुमचं घर पणजोबांपासूनचं, वाटणी न झालेलं असेल. ते प्रकरण वेगळं.

माळव्यातली_सून: गोव्यात बंधन आहे. माझी नणंद मडगावला असते, तिथे अर्धी मालमत्ता मुलांसाठी राखीव असते. मुसलमानांतही वारसांच्या संमतीशिवाय एक तृतीयांशाहून जास्त वसीयत चालत नाही.

पोहे_शेव: ताई, घर इंदूरला आहे.

निवृत्त_बाबू: बाबांना सांगा, हयातीत दानपत्र करायचं तर सांभाळ करण्याची अट त्यात लिहून घ्या. २००७च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात कलम २३ आहे, सांभाळलं नाही तर दानपत्र रद्द होतं. मुलाला घर देऊन जिन्याखाली झोपणारा माणूस मी पाहिलाय.

राजवाड्याजवळचा: मी त्यांना सांभाळतोच आहे. रोज सकाळी इन्सुलिन मी देतो. म्हणूनच जास्त लागलं.

माळव्यातली_सून: मग कायदा राहू द्या, आधी त्यांच्याजवळ बसा. असं का ठरवलं ते विचारलंत का?

राजवाड्याजवळचा: नाही विचारलं. ताटावरून उठलो.

दस्तऐवज: रजिस्ट्री कोणाच्या नावावर आहे ते अजून सांगितलं नाहीत.

राजवाड्याजवळचा: आजोबांच्या. बँकेत नोकरीला होते, पगारातून घेतलं. १९९४ मध्ये गेले, वसीयत नव्हती. आजीही गेली, तिचीही नव्हती. बाबा आणि बडोद्याची आत्या, दोघंच.

दस्तऐवज: हे पहिल्याच ओळीत हवं होतं! अर्धं घर आत्याबाईंचं आहे. बाबांना फक्त आपल्या अर्ध्याची वसीयत करता येईल. आत्याबाईंनी हक्क सोडलाय का?

राजवाड्याजवळचा: आत्याने कागदावर सही दिली होती असं बाबा म्हणतात. पत्र्याच्या पेटीत असेल, किल्ली त्यांच्या जानव्याला असते.

दस्तऐवज: हक्कत्याग नोंदलेला लागतो. नुसत्या सहीवर हिस्सा सुटत नाही. सोमवारच्या आधी तो कागद बघा आणि आत्याबाईंना फोन करा.

राजवाड्याजवळचा: पेटी उघडायची तर आधी बाबांशी बोलावं लागेल. आज रात्री बोलतो.