नदीच्या पातळीखाली सट्ट्याच्या जाहिराती. कॉमेंट बंदच करू का?

घाटावरचा मास्तर:
नमस्कार मंडळी. मी कोल्हापुरात शुक्रवार पेठेत राहतो, पंचगंगा घाट चालत पाच मिनिटं. शाळेत भूगोल शिकवायचो, आता निवृत्त. २०१९ च्या पुरानंतर पावसाळाभर रोज सकाळी राजाराम बंधाऱ्याची पातळी वहीत लिहायची सवय लागली. ते बघून भाच्यानं वर्डप्रेसवर साइट काढून दिली आणि तो गेला पुण्याला.

साइटवर काय असतं? आजची पातळी, इशारा ३९ फूट, धोका ४३ फूट, आणि खाली माझ्या दोन ओळी. आकडा हल्ली कुणाच्याही मोबाइलवर येतो, त्याचं मला कौतुक नाही. मोल आहे ते खालच्या कॉमेंटचं. ‘सुतारवाड्यात पाणी आलं’, ‘राधानगरी धरणाचे दोन दरवाजे उघडले, प्रत्येकी १४२८ क्युसेक’, ‘चिखलीतली जनावरं सोनतळीला हलवली’. हे लिहिणारी माणसं त्या त्या ठिकाणी उभी असतात.

आता गेले तीन आठवडे रोज दोनशेच्या आसपास फालतू कॉमेंट पडतायत. रशियन, इंग्रजी, औषधं, सट्टा, बूट. एकानं तर मराठीत लिहिलंय, ‘आपला लेख आश्चर्यकारक आहे, याने माझा दिवस बनवला’. कशाखाली? शाहूपुरी कुंभार गल्लीत पाणी शिरल्याच्या नोंदीखाली! रोज सकाळी चहा गार होईपर्यंत पुसत बसतो. ही माणसं कोण आहेत, त्यांना माझ्याकडून काय पाहिजे आणि ह्यावर इलाज काय?

तांबडा रस्सा:
मास्तर, कॉमेंट बंद करा आन् व्हॉट्सअॅपचा ग्रुप काढा की. कशाला डोक्याला ताप?

घाटावरचा मास्तर:
भावा, ग्रुप आहेत की चार. तिथं पातळीपेक्षा गुड मॉर्निंगची फुलं जास्त वाहून येतात. आणि मागच्या वर्षी जुलैत आंबेवाडीत पाणी कधी आलं, हे ग्रुपमध्ये शोधून दाखव बरं. साइटवर ते तारखेखाली सापडतं. बंद करायची नाहीत.

वाकडी वाट:
सर, मी राजारामपुरीत लोकांच्या साइटा सांभाळतो, हा त्रास रोजचा आहे.

आधी तुमच्या ‘कोण’चं उत्तर. माणसं नाहीतच. प्रोग्राम आहे. तो तुमचं पान उघडून वाचत नाही, बऱ्याचदा फॉर्मही बघत नाही. वर्डप्रेसमध्ये कॉमेंट स्वीकारणारी फाइल सगळ्या साइटांवर एकाच नावाची असते, तिच्यावर थेट मजकूर आणून टाकतो. कुंभार गल्ली त्याच्या गावीही नसते. हवी असते फक्त लिंक, म्हणजे सर्च इंजिनला वाटावं की त्यांच्या दुकानाकडे पुष्कळ जण बोट दाखवतायत. २००५ साली गूगल वगैरेंनी ‘नोफॉलो’ची खूण आणली, म्हणजे सर्च इंजिनला ‘ही लिंक मोजू नका’ असं सांगणं. वर्डप्रेस कॉमेंटमधल्या लिंकला ती आपोआप लावतं, त्यामुळे त्या लिंकचा सहसा काही उपयोग होत नाही. तरी येतात, कारण पाठवायला खर्च जवळजवळ नाही. फुकटचा गुलाल, उधळायला काय जातंय!

सेटिंग्जमध्ये डिस्कशन उघडा. ‘लिहिणाऱ्याची एखादी कॉमेंट आधी मंजूर झालेली असावी’ यावर खूण करा. तुमची राधानगरीची, चिखलीची नेहमीची मंडळी सरळ आत येतील, नवी तुमच्या मंजुरीसाठी थांबतील. जुन्या लेखांवरच्या कॉमेंट आपोआप बंद करण्याची सोय तिथंच आहे, १४ दिवस लिहिलेलं असतं. तुमच्या जुन्या नोंदी वाचायच्या आहेत, त्यांखाली नवं लिहायचं नाही, म्हणजे हे तुम्हाला चालावं. पिंगबॅक, ट्रॅकबॅक, म्हणजे दुसऱ्या साइटनं तुमची लिंक दिली की कॉमेंटमध्ये येणाऱ्या सूचना, त्याही काढून टाका. मात्र ते बंद केल्यावर फक्त नव्या लेखांना लागू होतं. जुने लेख यादीत निवडून एकदम बदलावे लागतात. इथं बरेच जण फसतात.

मग अकिस्मेट, म्हणजे फालतू कॉमेंट (स्पॅम) ओळखणारं प्लगिन, साइटला जोडायचा छोटा प्रोग्राम. व्यक्तिगत साइटला फुकट चालतं, जाहिराती लावल्यात तर नाही. प्रत्येक कॉमेंट त्यांच्या सर्व्हरवर तपासायला जाते, तेव्हा एक ओळ साइटवर लिहून वाचकांना कळवा. आणि त्याच्या स्पॅमच्या फोल्डरात आठवड्यातून एकदा डोकवा. कधीतरी चांगला माणूस अडकतो. पंधरा दिवसांनी ते जुनं स्पॅम आपोआप पुसतं.

घाटावरचा मास्तर:
अडकतो म्हणालात ते खरं. माझा एक अपराध कबूल करतो. सट्टेवाल्यांना कंटाळून मी नको असलेल्या शब्दांच्या यादीत मराठीतून ‘बेट’ असा शब्द घातला होता. तेव्हा पाऊस जोरात होता. चिखलीचे एक गृहस्थ रोज लिहायचे, ते दोन दिवस गप्प. मला काळजी. फोन केला तर म्हणाले, ‘सर, मी तीनदा लिहिलं, तुम्ही छापलं नाहीत, म्हटलं रागावलात.’ लिहिलं काय होतं? ‘गावाला बेटाचं रूप आलंय.’

वाकडी वाट:
सर!! ती यादी शब्दाच्या पोटातलंही धरते. ‘बेट’ टाकलं की ‘बेटाचं’, ‘बेटावर’ सगळं गेलं. आणि त्या यादीत सापडलेलं मंजुरीला थांबत नाही, सरळ कचऱ्यात जातं. तुम्हाला दिसणारच नव्हतं. त्याच्या वरच एक दुसरी यादी आहे, तिच्यातले शब्द आले तर कॉमेंट नुसती थांबते. वापरायची तर ती वापरा. कचऱ्यातलं ३० दिवस राहतं, त्याच्या आत असाल तर परत आणा.

तांबडा रस्सा:
म्हंजे पूर आला आन् तुमच्या साइटीनं बातमीच बुडीवली. नाद खुळा!

चष्मा:
मी एक सुचवू? देवनागरीत एकही अक्षर नसेल तर कॉमेंट घ्यायचीच नाही. चार ओळींचा कोड आहे. माझ्या पाककृतींच्या साइटवर नव्वद टक्के कचरा गेला.

वाकडी वाट:
तुमच्याकडे ठीक आहे. सरांकडे भिजल्या हातानं लोक इंग्रजी अक्षरांत ‘पाणी वाढतंय’ लिहिणार. पुराच्या रात्री कुणी कीबोर्ड बदलत बसत नाही. त्यापेक्षा हनीपॉट लावा सर. फॉर्ममध्ये एक रकाना असा ठेवायचा, जो माणसाला दिसत नाही. जे प्रोग्राम फॉर्म बघून भरतात, त्यांना रिकामा रकाना दिसला की भरल्याशिवाय राहवत नाही. भरलेला आला, की कॉमेंट गेली. फक्त त्याच्यावर ‘हे रिकामं ठेवा’ असं नाव द्या. दृष्टिहीन वाचकांचं सॉफ्टवेअर तो रकाना वाचून दाखवू शकतं.

जोडीला एक सोपा प्रश्न ठेवा. चित्रातले सिग्नल मोजायला लावू नका, आमच्या आईनं त्या पायी वीजबिल भरायचं सोडलंय.

घाटावरचा मास्तर:
दहा दिवसांनी कळवतोय. भाचा शनिवारी आला होता, त्याच्याकडून वाकडी वाट यांनी सांगितलेलं सगळं करून घेतलं. ‘बेट’ यादीतून काढलं, चिखलीकरांच्या तिन्ही कॉमेंट कचऱ्यातून काढून त्यांच्या तारखेखाली लावल्या. दोनशेचे आता पाच-सहा येतात, तेही मंजुरीत थांबलेले. राधानगरीचे एकजण फोटोंच्या लिंका पाठवतात, त्यांची कॉमेंट दोन लिंका झाल्या की तरीही अडत होती. तो आकडा वाढवून दहा केलाय.

प्रश्न मी स्वतः काढला: ‘धोक्याच्या पातळीतून इशारा पातळी वजा केली तर किती फूट?’ दोन्ही आकडे वरच लिहिलेले. पहिल्याच दिवशी तक्रार आली, बरोबर उत्तर देऊनही कॉमेंट जात नाही म्हणून. प्लगिनला फक्त इंग्रजी आकडा कळत होता. मग भाच्याकडून मराठी ४ घालून घेतला, ‘चार’ घालून घेतला. काल आंबेवाडीच्या एक आजी म्हणाल्या, त्या ‘चार फूट’ लिहितायत. आता तेही घातलंय.