आधी मान, मग सॅडल

इलेक्ट्रिक गिटारच्या तारा खाली घेतल्यावर खरखर सुरू झाली, तर सॅडल (गिटारच्या अंगावर तार जिथे टेकते तो आधार) पुन्हा वर करा, असा सल्ला दिला जातो. माझ्या मते त्याआधी मानेचा बाक बघायला हवा. पहिल्या फ्रेटवर (फ्रेट म्हणजे मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) कॅपो, म्हणजे तारा दाबून धरणारा चिमटा, लावा, जाडी तार शेवटच्या फ्रेटवर दाबा आणि आठव्या फ्रेटपाशी तार आणि फ्रेट यांतली फट मोजा. साधारण पाव मिलिमीटर हवी. फट जवळजवळ नसेलच, तर ट्रस रॉड (मानेच्या आतली, बाक कमी-जास्त करणारी सळई) थोडा सैल करा; एका वेळी पाव फेऱ्याहून जास्त नको, आणि दर वेळी तारा सुरात आणूनच मोजा, कारण बाक पडतो तो तारांच्या ताणामुळे.

मग तारांची फ्रेटपासूनची उंची. स्ट्रॅटवर (फेंडर स्ट्रॅटोकास्टर गिटारवर) सतराव्या फ्रेटपाशी १.६ मिमीपासून सुरुवात करा. तिथे प्रत्येक तारेचं सॅडल वेगळं, त्यामुळे फ्रेटबोर्डची, म्हणजे फ्रेट बसवलेल्या फळीची, गोलाई जुळवता येते. ट्यून-ओ-मॅटिक या दुसऱ्या प्रकारच्या ब्रिजला (सॅडल बसवलेल्या भागाला) मात्र उंचीसाठी सगळ्या तारांना मिळून दोनच चाकं. अ‍ॅम्पमधून ऐकू न येणारी खरखर मी तरी चालवून घेतो.

इंटोनेशन, म्हणजे मानेवर सगळीकडे सूर बरोबर लागणं, शेवटी. बाराव्या फ्रेटवर दाबलेला सूर तिथल्याच हार्मोनिकपेक्षा (तार न दाबता नुसता स्पर्श करून काढलेल्या सुरापेक्षा) चढा असेल तर सॅडल मानेपासून लांब न्या, उतरलेला असेल तर जवळ.