जुन्या उपनगरात माणसं मरतच नव्हती म्हणे!

साष्टीकर: काल इथे वाचलं की १९२० साली मुंबई उपनगर जिल्हा झाला तेव्हा वांद्रे-अंधेरीला शुद्ध हवा, विहिरीचं गोड पाणी, म्हणून मृत्युदर शहरापेक्षा कमी. डोकंच फिरलं. १८९६ ला मुंबई शहरातल्या मांडवीत प्लेग निघाला, लाखो लोक पळाले, आणि प्लेग वांद्र्यातही पोचला. तिथल्या गल्ल्यांत प्लेग टळावा म्हणून बांधलेले क्रूस काय हवापालटाला आलेल्यांनी उभारले? १९१८ च्या इन्फ्लुएन्झाच्या तापाने तरी कुणाची हद्द विचारली? दर कमी दिसला की आधी बघा, तिथे राहत कोण होतं. गिरणीकामगार शहरातल्या चाळीत. अगदीच खंगला की बोटीने कोकणात. मेला गावी, नोंदही गावी; म्हणजे शहराचा आकडाही पुरा नाही.

मोकळी हवा: काल लिहिणारा मीच. ‘मरतच नव्हती’ हे शब्द तुमचे. दाटी कमी होती की नाही, एवढंच सांगा. १९२१ ला शहरात एका खोलीत राहणाऱ्यांची तान्ही मुलं हजारी ८०० च्या वर गेली. हेही खोटं?

आकडेमोड: खोटं नाही, लंगडं. बाळंतपण माहेरी, जन्माची नोंद तिकडे. मूल इकडे आणल्यावर गेलं की मृत्यू मुंबईच्या खात्यात. ज्याने भागायचं तो जन्मांचा आकडाच अपुरा.

कुर्ल्याची माई: वा! म्हणजे भागाकार चुकला म्हणून मुलं जिवंत? माझ्या आजीची दोन गेली, कुर्ल्यातच, तुमच्या त्या हवेशीर उपनगरात. आजी गिरणीत. मूल दिवसभर निजून राहावं म्हणून बाळागोळी द्यायची. अफूच ती.

मोकळी हवा: मग दोष जागेचा की अफूचा?

कुर्ल्याची माई: आजीचा म्हणायचंय का तुम्हाला? स्पष्ट बोला.

साष्टीकर: अफू सरकारी परवान्याच्या दुकानात मिळायची, महसूल सरकारला. बाळंतपणाची पगारी रजा मुंबई इलाख्यात कायद्याने आली १९२९ मध्ये. तोवर बाईने करायचं काय?

मोकळी हवा: मी आजींबद्दल काहीच बोललो नाही. उगाच तोंडी घालू नका.

टाकीवाला: विहिरीच्या गोड पाण्यावरून आठवलं. १९११ च्या डॉ. बेंटलीच्या अहवालात शहरातल्या मलेरियाचं खापर विहिरींवरच आहे, डास तिथेच वाढायचे. बुजवा म्हटलं तर लोकांचा धर्म आडवा आला. आमच्या सोसायटीत गच्चीवरच्या टाकीला झाकण लावा म्हणून मी दर सभेत ओरडतो. तिथे धर्म नाही, खर्च आडवा येतो!

आकडेमोड: टाकीचा वेगळा धागा काढा. माई, मुलं मेली नाहीत असं मी म्हटलंच नव्हतं. पण वांद्र्याचे बंगले आणि कुर्ल्याची चाळ एकाच जिल्ह्याच्या सरासरीत घातल्यावर त्या आकड्यातून काय कळणार?

मोकळी हवा: बरं बाबा, कुर्ला वगळतो. वांद्र्याचे क्रूसही वगळतो. पार्ल्याची हवा तरी चांगली होती म्हणू द्याल?

कुर्ल्याची माई: म्हणा. पार्ल्यात भांडी घासायला कोण यायचं आणि ते कुठे राहायचं, तेही लिहा.