सी: दोन स्ट्रिंग सारख्या दिसतात, तरी इफ मध्ये न जाता एल्सच का चालतं?

डिप्लोमा_दुसरं_वर्ष

नमस्कार. मिनी-प्रोजेक्टसाठी पिंपरी-चिंचवडच्या बसथांब्यांची यादी घेतली आहे. नाव मराठीत टाइप करायचं आणि तो थांबा यादीत आहे की नाही, हे प्रोग्रामने सांगायचं. लिनक्स आणि जीसीसी कंपायलर वापरतेय. पहिल्याच थांब्याला अडलंय. मोबाइलवरून लिहितेय आणि कीबोर्ड मराठीच आहे, म्हणून कोडही देवनागरीत लिहिलाय, समजून घ्या.

कॅर गाव[२०];
स्कॅनएफ("%एस", गाव);
इफ (गाव == "भोसरी")
    प्रिंटएफ("थांबा सापडला");
एल्स
    प्रिंटएफ("असा थांबा नाही");

भोसरी टाइप केलं तरी "असा थांबा नाही" येतं. गाव प्रिंट करून पाहिलं, तर भोसरीच दिसतं. त्यात भर म्हणजे इफ ("भोसरी" == "भोसरी") असं नुसतं लिहून पाहिलं, तर ते खरं ठरतं! मग == स्ट्रिंगला चालतं की नाही?

लिनक्सवाला

चालत नाही. स्ट्रिंग डॉट एच इन्क्लूड कर आणि स्ट्रसीएमपी वापर.

डिप्लोमा_दुसरं_वर्ष

दादा, वापरलं. इफ (स्ट्रसीएमपी(गाव, "भोसरी")) असं लिहिलं. आता सगळं उलटं झालंय. भोसरी टाकलं की "असा थांबा नाही" आणि आकुर्डी टाकलं की "थांबा सापडला".

भोसरीची_ताई

मी भोसरीतच एका कारखान्यात मशीनच्या कंट्रोलरचं फर्मवेअर लिहिते. स्ट्रिंगची तुलना हे माझं रोजचं काम आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी ==. सी मध्ये स्ट्रिंग नावाचा वेगळा डेटा टाइपच नाही. मेमरीत ओळीने मांडलेले बाइट आणि शेवटी एक शून्य, एवढंच. इफ च्या कंसात तू "गाव" लिहिलंस की कंपायलरच्या हाती येतो तो त्या ॲरेच्या पहिल्या बाइटचा पत्ता. "भोसरी" हे लिटरल, म्हणजे कोडातच अवतरणात लिहिलेला मजकूर, प्रोग्राममध्ये दुसरीकडे कुठेतरी ठेवलेलं असतं, त्याचा पत्ता वेगळा. तू दोन पत्ते जुळतात का असं विचारलंस आणि ते कधीच जुळणार नाहीत, आत काहीही टाइप केलं तरी.

मग दोन लिटरल सारखी कशी ठरली? तोच मजकूर दोनदा आला तर कंपायलरला तो एकदाच साठवायची मुभा आहे. जीसीसीने तसं केलं, पत्ता एकच झाला, म्हणून उत्तर खरं आलं. सी च्या स्टँडर्डने, म्हणजे अधिकृत नियमावलीने, हे कंपायलरवर सोडलंय, त्यामुळे उद्या दुसऱ्या कंपायलरवर उत्तर खोटं आलं तरी तक्रार करता येणार नाही. अशा योगायोगाने चालणाऱ्या कोडची मला खरोखर भीती वाटते, कारण तो आपल्या टेबलावर चालतो आणि गिऱ्हाइकाकडे बंद पडतो. कंपाइल करताना वॉर्निंग चालू करणारा -डब्ल्यूऑल हा पर्याय दे. या ओळीवर जीसीसी स्वतःहून वॉर्निंग देतो.

आता स्ट्रसीएमपी. ते "सारखं आहे का" हे सांगतच नाही, दोघांत फरक काय ते सांगतं. दोन्हीकडचा एकेक बाइट काढून जुळवत जातं. पहिला वेगळा बाइट सापडला की थांबतं, आणि डावीकडचा लहान असेल तर ऋण, मोठा असेल तर धन आकडा देतं. शेवटच्या शून्यापर्यंत सगळं जुळलं तर ० देतं. इफ ला ० म्हणजे खोटं आणि बाकी काहीही खरं. त्यामुळे तुझ्या ओळीचा अर्थ "गाव भोसरी नसेल तर" असा झाला. असं लिही:

इफ (स्ट्रसीएमपी(गाव, "भोसरी") == ०)

काही जण == ० ऐवजी पुढे उद्गारचिन्ह लावतात. तेही बरोबर आहे, पण वाचताना "नाही" असं डोक्यात येतं आणि अर्थ असतो "सारखं आहे". शिकताना तरी == ० पूर्ण लिहावं, असं माझं ठाम मत. आणि उत्तर १ किंवा -१ च येईल असं धरून == १ कधीही लिहू नकोस. स्टँडर्ड फक्त शून्याहून मोठा किंवा लहान एवढीच हमी देतं.

शेवटच्या शून्यामागेही विचार आहे. सी च्या आधीच्या बीसीपीएल भाषेत स्ट्रिंगची लांबी पहिल्या बाइटमध्ये ठेवत. केन थॉम्प्सनच्या बी भाषेत लांबी काढून शेवटी एक खूण आली आणि सी मध्ये ती खूण शून्याची झाली. डेनिस रिचींनी १९९३ साली सी च्या जडणघडणीवर जो निबंध लिहिला, त्यात कारणं दिली आहेत: एका बाइटात मावेल एवढ्याच लांबीची अडचण नको होती, आणि लांबी सांभाळत बसण्यापेक्षा शेवटची खूण सोयीची वाटली. परिणाम तुझ्यासमोर आहे. ते शून्य जिथे असेल तिथेच स्ट्रिंग संपते. ते नसेल, तर स्ट्रसीएमपी पुढच्या परक्या मेमरीत चालत राहतं.

डिप्लोमा_दुसरं_वर्ष

ताई, झालं! भोसरी, आकुर्डी दोन्ही बरोबर येतात. पण "पिंपळे गुरव" टाकलं तर गाव मध्ये फक्त "पिंपळे" येतं. म्हणून स्कॅनएफ काढून पूर्ण ओळ वाचणारं एफगेट्स टाकलं, तर आता एकही थांबा जुळत नाही, भोसरीसुद्धा नाही.

लिनक्सवाला

एफगेट्स शेवटचा एंटरही आत घेतं. सोपं आहे, स्ट्रएनसीएमपी वापर आणि यादीतल्या नावाच्या लांबीइतकेच बाइट तपास. मागचा एंटर आपोआप दुर्लक्षित होईल.

भोसरीची_ताई

निदान बरोबर आहे दादा, पण हा उपाय तिला देऊ नका. यादीत चिंचवड आहे. कुणी "चिंचवडगाव" टाइप केलं, तर पहिले १८ बाइट जुळतील आणि प्रोग्राम चिंचवड सापडलं म्हणून सांगेल. दोन थांबे वेगळे आहेत, माणूस भलतीकडे उतरेल. स्ट्रएनसीएमपी हवं तिथे वापरावं, म्हणजे एखादी ओळ अमुक शब्दाने सुरू होते का हे पाहायला. कचरा झाकायला नाही.

कचरा आत येतानाच काढायचा. एफगेट्सच्या लगेच खाली:

गाव[स्ट्रसीएसपीएन(गाव, "\आर\एन")] = '\०';

स्ट्रसीएसपीएन हे गाव मध्ये कॅरेज रिटर्न किंवा न्यूलाइन पहिल्यांदा कितव्या जागी आहे ते सांगतं. त्या जागी शून्य ठेवलं की स्ट्रिंग तिथेच संपली. दोन्ही नसतील तर शेवटच्या शून्याचीच जागा मिळते, म्हणून बिघडत काही नाही. नुसतं न्यूलाइन काढून भागत नाही. आमच्याकडे सिरियल पोर्टवरून आलेल्या आज्ञेच्या शेवटी बहुतेकदा कॅरेज रिटर्न असतो, आणि विंडोजवर बनवलेली फाइल लिनक्सवर वाचली की तोच प्रकार होतो.

प्रिंट करून "भोसरीच दिसतं" म्हणालीस ना, तर यापुढे चौकटी कंसात प्रिंट कर: प्रिंटएफ("[%एस]", गाव). न्यूलाइन आत असेल तर शेवटचा कंस खालच्या ओळीवर उतरलेला दिसेल. मी आजही पहिलं काम हेच करते.

आणखी एक, हे आधी कर: २० चा ॲरे फार लहान आहे. यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे मजकूर बाइटांत साठवायच्या नेहमीच्या पद्धतीत, देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं, मात्रा आणि हलन्तसुद्धा. भोसरी म्हणजे भ, ओकार, स, र, दीर्घ ईकार, असे १५ बाइट आणि एक शून्य. ते बसलं. काळेवाडीचे २४ होतात. स्कॅनएफला तू मर्यादाच दिली नव्हतीस, म्हणजे जास्तीचे बाइट ॲरेच्या बाहेर लिहिले गेले. १०० घे.

डिप्लोमा_दुसरं_वर्ष

ॲरे १०० केला, ती ओळही टाकली. सगळे थांबे जुळले, एक चऱ्होली सोडून! कंसात प्रिंट केलं, कंस बरोबर जागी आहेत. यादी मैत्रिणीने तिच्या लॅपटॉपवर टाइप केली होती. डोळ्यांना काहीही फरक दिसत नाही.

भोसरीची_ताई

हा खास आपल्या भाषेतला गुंता आहे. दोघींच्या स्ट्रिंगची स्ट्रलेन, म्हणजे बाइटांतली लांबी, काढ. बहुधा एक २१ आणि दुसरी २४ येईल.

ऱ्ह मधला तो चंद्रकोरीसारखा र दोन तऱ्हांनी टाइप होतो. एका कीबोर्डवर ऱ हे स्वतंत्र अक्षर आणि हलन्त असं येतं, दुसऱ्यावर साधा र, हलन्त आणि न दिसणारा एक जोडक. पडद्यावर दोन्ही सारखेच. बाइटांत ऱ म्हणजे २२४ १६४ १७७ आणि र म्हणजे २२४ १६४ १७६. स्ट्रसीएमपी बाइट पाहतं, त्यामुळे त्याच्या लेखी ही दोन वेगळी गावं. बाइट छापताना अनसाइन्ड कॅर मध्ये कास्ट कर, नाहीतर २२४ च्या जागी -३२ दिसेल. शिवाय जुन्या फॉन्टच्या सवयीने "च-होली" असं मधे रेघ देऊन लिहिणारेही आहेत, कऱ्हाडच्या बाबतीतही तसंच होतं. ॲ चंही तेच, एकसंध ॲ आणि अ वर चंद्र दिलेला, असे दोन प्रकार.

तुलनेत सूट द्यायला जाऊ नकोस. नाव वाचलं की एक फंक्शन चालव, जे "र, हलन्त, जोडक" असे बाइट दिसले की त्यांच्या जागी "ऱ, हलन्त" ठेवेल. यादी भरतानाही तेच फंक्शन. दोन्ही बाजू एका रूपात आल्या की साधं स्ट्रसीएमपी पुरतं. आणि इफ-एल्स-इफ ची माळ लावू नकोस, स्विच मध्ये तर स्ट्रिंग चालतच नाही. नावांचा ॲरे कर आणि फॉर मध्ये एकच तुलना लिही.

डिप्लोमा_दुसरं_वर्ष

२१ आणि २४ च आले! खूप आभार ताई. शेवटचं विचारते. यादी क्यूसॉर्ट या क्रम लावणाऱ्या फंक्शनने लावली, तर काळेवाडी कासारवाडीच्या आधी येते. सर म्हणाले ळ शेवटी हवा.

भोसरीची_ताई

सरांचं बरोबर आहे. आपल्या वर्णमालेत ळ हा ह च्या नंतर, पण युनिकोडमध्ये, म्हणजे अक्षरांना क्रमांक देणाऱ्या कोष्टकात, तो ल आणि व यांच्यामध्ये बसवलाय. स्ट्रसीएमपी त्याच क्रमाने जातं. स्ट्रकोल नावाचं फंक्शन भाषेप्रमाणे क्रम लावतं, पण ते मशीनवर कोणतं लोकेल, म्हणजे भाषेची सेटिंग, बसवलंय त्यावर अवलंबून असतं, आणि परीक्षेच्या लॅबमध्ये ते असेलच असं नाही.

त्यापेक्षा सॉर्टसाठी नावाची वेगळी प्रत कर. त्या प्रतीत २२४ १६४ १७९ असे सलग तीन बाइट दिसले की तो ळ, त्यातला १७९ बदलून १८६ कर. ह चा शेवटचा बाइट १८५ आहे, म्हणजे ळ बरोबर त्याच्या मागे जातो, आणि १८६ वर जे चिन्ह आहे ते मराठीत लागत नाही. सॉर्ट त्या प्रतीवर, छपाई मूळ नावाची. क्यूसॉर्टला मात्र तुलनेचा ऋण-धन आकडा तसाच परत दे, तिथे == ० लावू नकोस.