कच्च्या रस्त्याने कॅन्यनच्या तोंडापर्यंत : तुमचे अनुभव लिहा

युटा-अ‍ॅरिझोनात उंच गाडी घेऊन आडवाटेच्या ट्रेलहेडला (पायवाट सुरू होते ती जागा) गेलेल्यांनी लिहा ना. सुरुवात मी करते. आम्ही हॉर्सशू कॅन्यनला गेलो, युटातल्या कॅन्यनलँड्स नॅशनल पार्कचाच तुकडा पण मुख्य पार्कापासून तुटलेला. हायवे २४ सोडला की ३० मैल कच्चा रस्ता, मध्येच वाऱ्याने वाळू आणून टाकलेली. पुढे जाऊन-येऊन ७ मैल चाल, येताना वाळूत ७८० फूट चढ, जीव जातो. पण खाली ग्रेट गॅलरीत भिंतीवर ती माणसाएवढी, हात-पाय नसलेली प्राचीन चित्रं दिसली आणि आम्ही दोघं कितीतरी वेळ बोललोच नाही.

*

आम्ही टोरोवीपला, ग्रँड कॅन्यनच्या उत्तर काठावर. ६० मैल कच्चा रस्ता, शेवटचे दोन-तीन मैल नुसता खडक. धारदार दगडाने टायर बाजूने फाटला, तिथे पंक्चर किट काही कामाचं नाही. जॅक मातीत रुतायला लागला तेव्हा भाजी चिरायची फळी खाली घातली, मधोमध तडकली पण चाक बदलून झालं. पूर्ण आकाराचं स्पेअर हवंच, आणि निघायच्या आधी घरी एकदा चाक बदलून बघाच. काठावरून सरळ ३००० फूट खाली नदी, आणि नदीतल्या लाव्हा फॉल्स या खळाळाचा आवाज वरपर्यंत येतो!

*

ताई, टायरमधली हवा पण कमी करता का? युटातल्या होल-इन-द-रॉक या कच्च्या रोडवर पत्र्यासारख्या खाचा इतक्या की दात वाजत होते, ३५ पीएसआयवरून २५ वर आणली तेव्हा बरं वाटलं. परत भरायला छोटा कॉम्प्रेसर मात्र सोबत ठेवा.

*

हाऊस रॉक व्हॅली रोडने वायर पास ट्रेलहेडला निघालो होतो, बकस्किन गल्च ही अरुंद घळ बघायला. आदल्या रात्री पाऊस. मी परभणीचा, काळ्या मातीचा चिखल लहानपणापासून बघितलाय, हा तसाच फुगणारा, टायरच्या खाचा भरून चाकं गुळगुळीत गोळे झाली, फोर व्हील ड्राइव्ह असून गाडी आडवी सरकत गेली. हायवेपासून ट्रेलहेड ८ मैलांवर, आम्ही दुसऱ्याच मैलाला थांबलो. ऊन पडून रस्ता वाळेपर्यंत चार तास गाडीत बसलो, आणि मग मागे फिरलो. मुलगी रडली. पण लांब कुठे पाऊस पडला तरी त्या अरुंद घळीत लोंढा येतो, तिला तिथे कसं न्यायचं? ऑक्टोबरमध्ये परत जातोय, कोणी येणार असेल तर सांगा, दोन गाड्या असलेल्या बऱ्या.