हॅरी-मेगनचा २०१९ चा आफ्रिका दौरा: खर्च दिसतो, पण हाती काय लागलं?

पिंपळपान

नमस्कार मंडळी.

ब्रिटिश राजघराण्याच्या २०१९-२० च्या हिशेबात एक आकडा वाचला आणि तो डोक्यातून जात नाहीये. ससेक्सचे ड्यूक आणि डचेस, म्हणजे हॅरी आणि मेगन, यांच्या आफ्रिका दौऱ्याचा नुसता प्रवासखर्च २,४५,६४३ पौंड. २३ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर २०१९ असा तो दौरा होता. दोघं तान्ह्या आर्चीला घेऊन केप टाउनला उतरले. मग हॅरी एकटाच बोट्स्वाना, अंगोला आणि मलावीला गेला, मेगन दक्षिण आफ्रिकेतच राहिली आणि शेवटी जोहान्सबर्गला दोघं परत एकत्र आले. कार्यक्रम जवळजवळ सगळे सेवाभावी संस्थांचे: मुलींची सुरक्षा, एचआयव्ही, भूसुरुंग, वन्यजीव, बेरोजगार तरुण.

माझा प्रश्न साधा आहे. एवढी रक्कम थेट त्या संस्थांच्या हातात दिली असती तर जास्त भलं झालं नसतं का? मी चिडून विचारत नाहीये. तिकडे राहिलेलं, काम केलेलं कुणी इथे असेल तर त्यांच्याकडून ऐकायचंय. वर्तमानपत्रांत मला मेगनच्या कपड्यांबद्दल पानंच्या पानं सापडली, कामाबद्दल चार ओळी.

सरळरेषा

झालं असतं, नक्कीच. केप टाउनमधल्या न्यांगासारख्या वस्तीत, जिथे खुनांचं प्रमाण देशात सर्वांत वाईट म्हणून ओळखलं जातं, तिथे पाहुण्यांनी तासभर यायचं, मुलींबरोबर नाचायचं आणि गाडीत बसून निघून जायचं. दुसऱ्या दिवशी त्या मुली तिथेच. तेवढ्या पैशांत एखादी छोटी संस्था कितीतरी काळ चालली असती. मला यात धर्मादाय काही दिसत नाही.

लालमाती

पिंपळपान, मी अंगोलात काही वर्षं मोबाइल टॉवर उभारण्याच्या कामावर होतो. बराचसा काळ वांबो आणि आसपासच्या पठारावर. त्यामुळे दौऱ्याच्या बाकीच्या भागावर अधिकाराने बोलणार नाही, पण सुरुंगांबद्दल बोलतो, कारण तुमच्या प्रश्नाचं उत्तर तिथेच सगळ्यात स्वच्छ दिसतं.

तिथे गेल्या गेल्या ड्रायव्हरने मला पहिला नियम शिकवला तो असा: डांबर सोडायचं नाही. लघवीला उतरलात तरी गाडीच्या मागे, रस्त्यावरच. गवतात पाऊल नाही. पायवाट असेल आणि तिच्यावर शेळ्यांच्या लेंड्या ताज्या असतील तर त्या पायवाटेने चालायचं, तीही मधोमध. आमच्या कामात नवी जागा ठरली की ती सुरुंगमुक्त असल्याचा कागद आल्याशिवाय एक खड्डा खणायची परवानगी नसायची. त्या कागदाची वाट बघत आम्ही आठवडेच्या आठवडे बसून राहायचो. आणि आम्ही तर पगारी माणसं. गावकऱ्याकडे असा कागद मागायला कुणी नाही आणि द्यायलाही कुणी नाही.

एका जागेजवळचं शेत मी विसरू शकत नाही. साफ झालेल्या पट्ट्याला पांढरे रंगवलेले दगड लावतात, धोका असलेल्या भागाला लाल. तिथल्या बाईने मका अगदी लाल दगडांना टेकेपर्यंत पेरला होता. बोटभर जागा सोडली नव्हती. मी दुभाष्यामार्फत विचारलं, भीती नाही वाटत? ती म्हणाली, भीती वाटते, पण पलीकडची जमीन जास्त चांगली आहे. १९७५ ते २००२, सत्तावीस वर्षं त्या देशात यादवी युद्ध चाललं. दोन्ही बाजूंनी सुरुंग पेरले. नकाशे कुठे केलेच नाहीत, कुठे हरवले.

आता हॅरीच्या आईबद्दल, डायनाबद्दल, कारण हॅरीचा अंगोला दौरा तिच्या पावलावर पाऊल टाकूनच आखलेला होता. १५ जानेवारी १९९७ ला ती वांबोत ब्रिटिश रेडक्रॉसची पाहुणी म्हणून सुरुंग काढणाऱ्या हॅलो ट्रस्ट या संस्थेने साफ केलेल्या पट्ट्यातून चालली. चिलखती जाकीट, तोंडावर पारदर्शक ढाल. तो फोटो जगाने पाहिला. लंडनमधल्या एका कनिष्ठ संरक्षण मंत्र्याने तिच्यावर टीका केली, कारण तेव्हाचं सरकार सरसकट बंदीच्या बाजूचं नव्हतं. मे महिन्यात नवं सरकार आलं आणि त्याच महिन्यात त्याने बंदीची बाजू घेतली. ऑगस्टअखेर डायना गेली. डिसेंबरमध्ये कॅनडातल्या ओटावात १२२ देशांनी सुरुंगबंदीच्या करारावर सह्या केल्या.

पण इथे थांबून एक गोष्ट नीट सांगायला हवी, कारण ती नेहमी चुकीची सांगितली जाते. हा करार डायनाने घडवला नाही. सुरुंगबंदीची आंतरराष्ट्रीय मोहीम १९९२ पासून चालू होती. कॅनडाने ओटावाची प्रक्रिया ऑक्टोबर १९९६ मध्ये सुरू केली, म्हणजे डायना वांबोत पोचायच्या तीन महिने आधी. १९९७ चं शांततेचं नोबेल मिळालं ते त्या मोहिमेला आणि जोडी विल्यम्सना, आणि ते योग्यच होतं. डायनाने काय केलं? ज्या विषयावर सैन्यातले लोक बंद खोलीत बोलत होते, तो तिने घराघरात नेला. मंत्र्यांना 'नाही' म्हणणं अवघड करून ठेवलं. हे काम पैशाने होत नाही. अडीच लाख पौंडांत थोडीफार जमीन साफ झाली असती, ते चांगलंच झालं असतं. पण अडीच लाख पौंडांत सरकारचं मत बदलत नाही.

हॅरीचं उदाहरण आणखी नेमकं आहे. २७ सप्टेंबर २०१९ ला तो आधी दिरिकोजवळ गेला. तेव्हाचा कुआंदो कुबांगो प्रांत, अगदी नामिबियाच्या सीमेवर, जिथे कुइतो आणि कुबांगो नद्या मिळतात. तिथल्या सुरुंगक्षेत्रात तो चालला, एक सुरुंग दुरून बटण दाबून उडवला. हे नाटकी वाटेल, मान्य. पण त्याच वर्षी जूनमध्ये लंडनमध्ये अंगोला सरकारने स्वतः ६ कोटी डॉलर जाहीर केले होते, माविंगा आणि लुएंगे-लुइयाना या दोन राष्ट्रीय उद्यानांमधली १५३ सुरुंगक्षेत्रं साफ करायला. त्या कार्यक्रमातही हॅरी बोलला होता. अंगोलासाठी परदेशी देणग्यांचा ओघ त्याआधीची कित्येक वर्षं आटत आला होता. युद्ध संपलं, कॅमेरे दुसरीकडे गेले. अशा वेळी सरकारने आपल्या तिजोरीतून असा शब्द द्यावा आणि तीन महिन्यांत सगळ्या जगाचे पत्रकार त्याच प्रांतात येऊन उभे राहावेत, याने त्या शब्दाला वजन येतं. मोडला तर लक्षात येतो.

शिवाय त्या नद्या पुढे बोट्स्वानात जाऊन ओकावांगोचा त्रिभुज प्रदेश भिजवतात. म्हणजे वर सुरुंग असतील तर तिथे वनरक्षकही जाऊ शकत नाही आणि पर्यटकही. सुरुंग, हत्ती आणि नदी हे तीन विषय तिथे वेगळे नाहीतच, आणि दौऱ्यात बोट्स्वाना आणि अंगोला लागोपाठ होते ते मला म्हणूनच पटलं.

त्याच दिवशी नंतर वांबो. डायना चालली ती जागा आज गजबजलेला रस्ता आहे, घरं, दुकानं, शाळकरी मुलं. मी त्या शहरात राहिलोय. ही जमीन कुणीतरी पोटावर पडून, वीतभर वीतभर पुढे सरकत मोकळी केली, याचा अर्थ मला कुणी समजावून सांगायला नको.

सरळरेषा

लालमाती, तुमचं सुरुंगांबद्दलचं म्हणणं मी मान्य करतो. सह्या मिळवणं आणि तासभर नाचणं यात फरक आहे. पण बाकीच्या कार्यक्रमांना हे लागू होतं का?

चांदणवेल

मी लिहू का? मी मलावीत एका मिशन हॉस्पिटलच्या प्रसूती विभागात काम केलंय. माझं उत्तर लालमातीदादांइतकं गोड नाही.

आधी चांगलं. केप टाउनमध्ये मेगन 'मदर्स टू मदर्स' या संस्थेत गेली. वर्तमानपत्रांत आलं की तिने आर्चीचे लहान झालेले कपडे दिले. संस्था काय करते ते आलं नाही. २००१ मध्ये केप टाउनलाच सुरू झालेली ही संस्था एचआयव्ही असलेल्या आयांनाच प्रशिक्षण देऊन, पगार देऊन दवाखान्यात बसवते. नुकतंच निदान झालेली गरोदर बाई डॉक्टरचं ऐकत नाही, नर्सचंही अर्धंच ऐकते. पण समोरची बाई 'मलाही आहे, हा बघ माझा मुलगा, त्याला नाही' असं म्हणाली की ती गोळ्या घेते. मी हे डोळ्यांनी पाहिलंय, ही संस्था मलावीतही आहे. २०११ मध्ये मलावीने एचआयव्ही असलेल्या प्रत्येक गरोदर बाईला आयुष्यभराचे उपचार ताबडतोब सुरू करायचं धोरण आणलं, जगात सगळ्यात आधी. एवढ्या गरीब देशाने! आमच्या वॉर्डात त्याचा फरक बाळांच्या तपासण्यांत दिसायला लागला तेव्हा आम्ही नर्सेस एकमेकींना रिपोर्ट वाचून दाखवायचो. राजघराण्यातल्या पाहुण्यांमुळे यातलं काही झालं नाही. पण पाहुणे आले म्हणून कुणाला तरी या बायकांचं काम कळलं असेल तर मला आनंदच आहे.

मलावीच्या राजधानीत, लिलाँग्वेत, हॅरी मुलींच्या शिक्षणाचं काम बघायला नालिकुले अध्यापक महाविद्यालयात गेला, मेगन दक्षिण आफ्रिकेतून व्हिडिओवर आली होती. तिथे प्राथमिक शिक्षण १९९४ पासून मोफत आहे, गळती होते ती पुढे. गणवेश, वसतिगृह, शाळा लांब, आणि मग लग्न. त्या कार्यक्रमातल्या तरुणी स्वतः मदतीवर शिकलेल्या आणि आता पुढच्या मुलींना हात देणाऱ्या. मला दौऱ्यातला हा कार्यक्रम सर्वांत मोलाचा वाटतो, कारण तिथे बोलत होत्या त्या मुली.

आता कडू. मलावीतलंच लिवोंडे राष्ट्रीय उद्यान. हॅरी २०१७ पासून उद्यानं चालवणाऱ्या आफ्रिकन पार्क्स या संस्थेचा अध्यक्ष होता, लिवोंडे तीच चालवते. दौऱ्यात तो तिथे गेला, शिकाऱ्यांविरुद्ध गस्तीवर असताना मे २०१९ मध्ये हत्तीच्या हल्ल्यात मेलेल्या तरुण ब्रिटिश सैनिकाला त्याने श्रद्धांजली वाहिली. ते योग्यच. पण हत्ती वाढले, उद्यानात मावेनात, म्हणून २०२२ मध्ये लिवोंडेतले २६३ हत्ती झांबियाच्या सीमेवरच्या कासुंगू उद्यानात हलवले. तिथे कुंपण अपुरं. हत्ती मक्याच्या शेतात शिरले, माणसं मेली, मलावीच्या बाजूलाही आणि झांबियाच्या बाजूलाही. ज्या बाईचा वर्षाचा मका एका रात्रीत गेला आणि नवराही गेला, तिच्या दारात कुठलं राजघराणं गेलं? संवर्धनाच्या दौऱ्यांत प्राण्याला चेहरा मिळतो आणि शेजारच्या गावाला मिळत नाही. याच संस्थेच्या वनरक्षकांनी काँगो-ब्राझाव्हिलमध्ये तिथल्या आदिवासी बाका लोकांवर अत्याचार केल्याचे आरोप २०२४ मध्ये पुढे आले आणि पुढच्या वर्षी संस्थेलाच काही घटना घडल्याचं मान्य करावं लागलं. मोठ्या नावाचं छत्र असलं की प्रश्न विचारणारे कमी होतात, हा माझा आक्षेप आहे.

पिंपळपान

चांदणवेलताई, हे सगळं मला अजिबात माहीत नव्हतं. मनापासून आभार. लालमाती, तुम्हाला यावर काय वाटतं? आणि केप टाउनमध्ये मेगन एका टपाल कचेरीसमोर गेली होती असंही वाचलं, ते काय होतं?

लालमाती

ताईंचं म्हणणं मला पूर्ण मान्य आहे. माझंही तेच सांगणं आहे, फक्त दुसऱ्या टोकाने: पाहुणा पैसे आणत नाही, तो कॅमेरा आणतो. म्हणून त्याने तो कुठे वळवला आणि कुठे वळवला नाही, याचा जाब त्यालाच विचारायचा. कासुंगूची बाई चौकटीबाहेर राहिली असेल तर ते अपयशच.

टपाल कचेरीचं सांगतो. ऑगस्ट २०१९ मध्ये केप टाउन विद्यापीठातल्या १९ वर्षांच्या मुलीवर टपाल कचेरीत अत्याचार होऊन तिचा खून झाला. ती पार्सल घ्यायला गेली होती. देशभर बायका रस्त्यावर आल्या, संसदेसमोर ठिय्या दिला. १८ सप्टेंबरला राष्ट्राध्यक्ष रामाफोसांनी संसदेच्या संयुक्त बैठकीत तातडीची योजना मांडली, १.१ अब्ज रँडची. तारीख बघा, दौऱ्याच्या पाच दिवस आधी. तिथल्या बायकांनी तिथल्या बायकांसाठी मिळवलेली. मेगन नंतर त्या जागी गेली, कॅमेरे न बोलावता, आणि जाळीला एक फीत बांधून आली. न्यांगातल्या मुलींच्या कार्यक्रमाकडेही मी याच संदर्भात बघतो, सरळरेषा. त्या मुलींना तिथली संस्था स्वसंरक्षण आणि हक्क शिकवते, पाहुणे येण्याआधीही शिकवत होती आणि नंतरही.

मला खरा त्रास एका वेगळ्याच गोष्टीचा होतो. १ ऑक्टोबरला, दौरा संपायला एक दिवस असताना, मेगन एका ब्रिटिश वृत्तपत्रावर खटला भरत असल्याचं हॅरीने जाहीर केलं. त्याला कारणं असतील, पत्नीची बाजू घेणं मी समजू शकतो. पण दुसऱ्या दिवशी जोहान्सबर्गजवळच्या तेंबिसातल्या बेरोजगार तरुणांवर लिहायला आलेले पत्रकार खटल्यावर लिहीत होते. महिनाभरात सगळी चर्चा त्या दोघांच्या दुःखाची झाली. दिरिको गेलं, मलावीतला मावुआचा दवाखाना गेला, सगळं गेलं. कॅमेरा आणणं हेच ज्याचं काम, त्याने तो शेवटच्या दिवशी स्वतःकडे वळवला, आणि वळवायला पत्रकार उत्सुक होतेच.

सरळरेषा

मग पैसे थेट द्यावेत की नाही? एका वाक्यात सांगा.

लालमाती

आपल्यासारख्यांनी थेटच द्यावेत, आणि देताना संस्थेच्या पत्रकावर कुणाचा फोटो आहे ते बघू नये. हॅरीने आणि लेसोथोच्या प्रिन्स सेइसोने २००६ मध्ये काढलेल्या सेंटेबाले या संस्थेचं बघा. एड्सने होरपळलेल्या मुलांसाठी इतकं चांगलं काम, पण २०२५ च्या मार्चमध्ये विश्वस्तांच्या भांडणात दोघंही बाहेर पडले आणि ऑगस्टमध्ये ब्रिटनच्या धर्मादाय आयोगाने भांडण चव्हाट्यावर आणल्याबद्दल सगळ्याच बाजूंना सुनावलं. मुलं लेसोथोतच आहेत, औषधं रोज लागतात.

सुरुंगांचं म्हणाल तर अंगोलाने २०२५ पर्यंत देश मोकळा करायचं ठरवलं होतं, ते झालं नाही. हॅरी जुलै २०२५ मध्ये परत गेला होता, कुइतो कुआनावालेला, मुलांना सुरुंग ओळखायला शिकवायच्या कार्यक्रमासाठी. पिंपळपान, तुम्ही यावर कुठे बोलणार असाल तर दिरिकोचा नकाशा दाखवा. दोन नद्या कुठे मिळतात आणि पाणी पुढे कुठे जातं ते बोटाने दाखवलंत तर निम्मं बोलायची गरज पडणार नाही.