गावाचे शहाणपण विविधतेतून येते की एकोप्यातून?

कोरडवाहू, यवतमाळ
2002 मध्ये बीटी कापसाला (बोंडअळीला मारणारे जनुक घातलेल्या वाणाला) परवानगी मिळाली आणि काही वर्षांतच आमच्याकडची जवळजवळ सगळी पऱ्हाटी बीटीची झाली. अळीत प्रतिकारशक्ती येऊ नये म्हणून कडेने पेरायचे बिगर-बीटी बियाणे पाकिटासोबत मिळत असे; शेजारी पेरत नाही म्हणून बहुतेकांनी ते पेरले नाही. 2017 मध्ये गुलाबी बोंडअळीने बोंडे पोखरली. हजारो शेतकऱ्यांनी एकमेकांकडे पाहून आणि त्याच कृषी केंद्रवाल्याला विचारून घेतलेला निर्णय मोजायला गेले तर एकच भरतो.

याउलट 1906 मध्ये इंग्लंडातील प्लिमथच्या जनावरांच्या प्रदर्शनात लोकांनी एका बैलाच्या मांसाच्या वजनाचे अंदाज चिठ्ठ्यांवर लिहून दिले होते. संख्याशास्त्रज्ञ फ्रान्सिस गॉल्टन यांनी तपासलेल्या 787 चिठ्ठ्यांतला मधला अंदाज 1,207 पौंड होता आणि खरे वजन 1,198 पौंड भरले. तिथे खाटीक होते तसे हौशी लोकही होते, आणि प्रत्येकाने आपल्या मनाने लिहिले होते. गावाला शहाणे व्हायचे असेल तर आधी मतांचे हे वेगळेपण जपावे लागेल, असे माझे ठाम मत आहे.

शिक्षक, दर्यापूर
बैलाचे वजन एकच असते; पाणंद रस्ता कोणाच्या शेतावरून न्यावा, याचे उत्तर मात्र ज्याच्या-त्याच्या हितावर ठरते आणि तिथे मते वेगळी असल्याने भांडणच वाढते. शिवाय फ्रेंच गणितज्ञ कोंदोर्सेने 1785 मध्येच गणिताने दाखवले होते की प्रत्येकाचे मत बरोबर असण्यापेक्षा चुकण्याची शक्यता अधिक असेल, तर माणसे वाढतील तसतसा बहुमताचा निर्णय अधिक खात्रीने चुकतो. आपण सगळे गडचिरोलीतल्या ज्या मेंढा-लेखाच्या ग्रामसभेचे कौतुक करतो, ते गाव गोंड आदिवासींचे आहे. तिथला एकोपा हा एकसारखेपणाचाच परिणाम नाही काय?

धानपट्टा, गडचिरोली
एक जमात म्हणजे एक मत, हे गृहीतक मला मान्य नाही. मेंढा-लेखात निर्णय सर्वसहमतीने होतो, म्हणजे एकाचाही विरोध असेल तर चर्चा पुढे चालू राहते. आणि निर्णयाआधी अभ्यासगटात विषयाची वेगवेगळ्या अंगांनी छाननी होते. 2009 मध्ये सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळवणारे हे गाव मतभेद नसल्यामुळे नव्हे, तर मतभेद ऐकून घेण्याची रीत बसवल्यामुळे टिकले.

बचतगट सदस्य, उमरेड
मिश्र वस्तीच्या गावात ही रीत बसत नाही, कारण ज्याच्या शेतात मजुरीला जायचे आहे त्याच्यासमोर ग्रामसभेत कोणी विरोधात बोलत नाही. ग्रामसभेपूर्वी महिला सभा घेण्याची कायद्यात तरतूद आहे, पण आमच्याकडे रजिस्टरवर सह्या घेतल्या की ती सभा झाली असे धरतात. वेगवेगळी माणसे सतरंजीवर बसली म्हणून त्यांची माहिती निर्णयात उतरत नाही.

शिक्षक, दर्यापूर
म्हणूनच मला सर्वसहमतीची भीती वाटते. जमीनदार माणसाचा एक नकार साऱ्या मजुरांना अडवू शकतो. अशा गावात गुप्त मतदान बरे.

कोरडवाहू, यवतमाळ
गुप्त मतदानाने भीती जाईल, परंतु कोणत्या शेतात अळी आधी दिसली हे चिठ्ठीवरून कळणार नाही. माझा आग्रह इतकाच आहे की पेरणीपूर्वीच्या सभेत वेचणी करणाऱ्या बायांना आधी बोलू द्यावे आणि कृषी केंद्रवाल्याला शेवटी. बोंड हाताने उघडून पाहणाऱ्या त्याच आहेत.